वेदनेविषयी परिचारिकांचं ज्ञान आणि दृष्टिकोन मोजणारी प्रश्नावली: ४१ प्रश्नांचं परीक्षण

रुग्णाच्या दुखण्याबद्दल परिचारिकांना काय माहीत आहे आणि त्या दुखण्याकडे कशा बघतात, हे मोजायला अनेक देशांत एकच साधन पुन्हा पुन्हा वापरलं जातं: ‘नॉलेज अँड ॲटिट्यूड्स सर्व्हे रिगार्डिंग पेन’. बेटी फेरेल आणि मार्गो मॅकॅफरी यांनी ते १९८७ मध्ये तयार केलं आणि पुढे वेळोवेळी सुधारलं. इथे २०१४ च्या आवृत्तीचा विचार केला आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘सिटी ऑफ होप’ या कर्करोग केंद्रामार्फत ती उत्तरसूचीसकट विनामूल्य मिळते. त्यामुळे पैसे किती लागतील हा प्रश्नच नाही. तिच्यावर घालवलेल्या वेळाचं चीज होतं का, एवढंच बघायचं.

होतं, पण निकाल प्रश्नागणिक वाचला तरच. ‘आमच्या वॉर्डाला ५८ टक्के मिळाले’ एवढाच आकडा हाती घेऊन बैठक उरकणार असाल, तर ही प्रश्नावली देऊच नका.

रचना साधी आहे. पहिली २२ विधानं चूक की बरोबर ते सांगायचं, मग १५ बहुपर्यायी प्रश्न, आणि शेवटी दोन रुग्णांची वर्णनं, प्रत्येकावर दोन प्रश्न. एकूण ४१. दर प्रश्नाला एक गुण, कोरं सोडलेलं उत्तर चूक धरायचं. पुरता वेळ द्यायचा म्हटलं तर अर्धा तास लागतो. तांत्रिक बाजूने साधन ठीक आहे. ६० परिचारिकांना तीच चाचणी पुन्हा दिली तेव्हा दोन्ही निकालांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.८० च्या वर आला होता, आणि प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात ते सांगणारा अंतर्गत सुसंगतीचा आकडा ०.७० च्या वर आहे. विद्यार्थिनी, नव्याने रुजू झालेल्या परिचारिका, कर्करोग विभागातल्या अनुभवी परिचारिका आणि वेदनातज्ज्ञ यांच्यातला फरकही ती दाखवते.

एक गोष्ट मात्र वापरणाऱ्यांच्या हातून वारंवार निसटते. ‘ज्ञानाचे प्रश्न’ आणि ‘दृष्टिकोनाचे प्रश्न’ असे दोन गट पाडून वेगवेगळे गुण काढू नका, असं कर्त्यांनीच सांगून ठेवलं आहे. ते पटण्यासारखं आहे. व्यसनाविषयीच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर ते माहिती नसल्यामुळे चुकलं की मनात संशय असल्यामुळे, हे एका खुणेवरून ठरवता येत नाही. बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच असतात.

शेवटचे चार प्रश्न

प्रश्नावलीचा जीव या चार प्रश्नांत आहे. पहिला रुग्ण अँड्र्यू. वय २५, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दिवस. परिचारिका खोलीत येते तेव्हा तो तिच्याकडे बघून हसतो आणि भेटायला आलेल्या माणसाशी थट्टामस्करी करत राहतो. रक्तदाब १२०/८०, नाडी ८०, श्वसन १८. ० ते १० च्या मापावर दुखणं किती, असं विचारल्यावर तो ८ सांगतो. दुसरा रुग्ण रॉबर्ट. वय तेच, शस्त्रक्रिया तीच, दिवस तोच, रक्तदाब, नाडी, श्वसन सगळं तेच, सांगितलेला आकडाही ८. फरक एवढाच की रॉबर्ट निपचित पडून आहे आणि कुशीवर वळताना त्याचा चेहरा वेडावाकडा होतो.

दोघांच्याही नोंदीत तुम्ही कोणता आकडा लिहाल, हा पहिला प्रश्न. उत्तर दोन्हीकडे ८ आहे, कारण नोंद रुग्णाच्या सांगण्याची करायची असते. चूक होते ती ठरावीक तऱ्हेने. रॉबर्टच्या चार्टवर ८ पडतो आणि अँड्र्यूच्या चार्टवर ४, ५ किंवा ६. हसणारा माणूस दुखणं वाढवून सांगतो आहे, असं गृहीत धरलं जातं. माणूस पाहुण्यासमोर अवसान आणतो, किंवा बोलण्यात मन गुंतवून दुखणं थोडा वेळ मागे ढकलतो, हे लक्षात घेतलं जात नाही. मॅकॅफरी यांनी १९६८ मध्येच म्हटलं होतं की ज्याला दुखतं तो जे सांगतो तेच दुखणं, आणि तो आहे म्हणतो तेव्हा ते असतं. ही व्याख्या पाठ असलेली परिचारिकाही अँड्र्यूसमोर अडखळते. नेमक्या त्याच जागी हा प्रश्न तिला गाठतो.

दुसरा प्रश्न आणखी खोल जातो. ही तपासणी शिरेतून २ मिलिग्रॅम मॉर्फिन दिल्यानंतर दोन तासांनी झाली आहे. मधल्या काळात दर अर्ध्या तासाला घेतलेले आकडे ६ ते ८ च्या दरम्यान राहिले. श्वसन मंदावलेलं नाही, गुंगी नाही, दुसरा कुठलाही त्रास नाही. दुखणं २ वर आलं तर चालेल, असं रुग्णाने सांगून ठेवलं आहे. डॉक्टरांची ऑर्डर आहे: दर तासाला, गरजेनुसार, १ ते ३ मिलिग्रॅम. आता काय करायचं? काही न देणं, १ मिलिग्रॅम, २ मिलिग्रॅम आणि ३ मिलिग्रॅम असे चार पर्याय आहेत.

उत्तर ३ मिलिग्रॅम, आत्ता. कारण सरळ आहे. २ मिलिग्रॅमने काय साधलं ते दोन तासांत दिसून गेलं आहे: जवळपास काहीच नाही. शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा परिणाम साधारण १५ मिनिटांत शिगेला पोचतो, म्हणजे ‘अजून चढायचा असेल’ हे कारण दोन तासांनंतर उरत नाही. दुष्परिणाम नाहीत, ऑर्डर परवानगी देते, रुग्णाचं उद्दिष्ट माहीत आहे. तरीही पुष्कळ जणी १ किंवा २ निवडतात, काही जणी शून्य. ऑर्डरमध्ये एक आकडा नसून पल्ला असला की हात आपोआप खालच्या टोकाकडे जातो. ती सावधगिरी वाटते, पण रुग्णाच्या वाट्याला मात्र आणखी एक तास ७-८ चं दुखणं येतं. शस्त्रक्रियेनंतर एवढं दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही. फुप्फुसात कफ साचणं आणि पायातल्या शिरेत गुठळी होणं, दोन्हींचा धोका वाढतो. म्हणजे कमी डोससुद्धा निरुपद्रवी नसतो.

हे चार प्रश्न एकमेकांशी ताडून बघा. अँड्र्यूला ८ लिहूनही डोस १ मिलिग्रॅम निवडला असेल, तर नोंदीचा नियम माहीत आहे पण रुग्णावर विश्वास नाही. दोघांनाही ८ आणि दोघांनाही १ मिलिग्रॅम असेल, तर अडचण औषधाच्या भीतीची आहे. रॉबर्टला ३ आणि अँड्र्यूला १ असेल, तर अडचण चेहरा वाचण्याची आहे. या तिघींना एकाच वर्गात बसवून तेच व्याख्यान देण्यात अर्थ नाही.

चूक-बरोबर विधानं

यातली काही विधानं फार नेमकी आहेत. तीव्र दुखत असतानाही रुग्ण झोपू शकतो, हे विधान बरोबर आहे. दमलेलं शरीर झोपतं, शिवाय औषधाची गुंगी आणि वेदनाशमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रपाळीला ‘झोपला होता म्हणून डोस दिला नाही’ अशी नोंद ज्या वॉर्डात नेहमी दिसते, तिथे हे विधान हमखास चुकतं. ज्याचं लक्ष दुसरीकडे वळवता येतं त्याला तीव्र दुखत नसतं, हे विधान चूक आहे. तेही अँड्र्यूचंच दुसरं रूप.

नाडी, रक्तदाब यांवरून दुखण्याची तीव्रता नेहमी विश्वासाने कळते, हे विधानही चूक. अचानक उठलेल्या दुखण्यात नाडी वाढते हे खरं, पण शरीर लवकरच जुळवून घेतं. दुखणं तसंच राहतं आणि आकडे मात्र जागेवर येतात.

निर्जंतुक पाण्याचं इंजेक्शन देऊन दुखणं खरं आहे की नाही ते तपासावं, हे विधान आजही प्रश्नावलीत ठेवावं लागतं याचा आम्हाला राग येतो. प्लासिबोने, म्हणजे औषध म्हणून दिलेल्या पण औषध नसलेल्या अशा गोष्टीने, खऱ्या दुखण्यातही काही वेळ आराम पडू शकतो, त्यामुळे या ‘तपासणी’तून काहीच सिद्ध होत नाही. आणि रुग्णाला फसवलं गेल्याचं कळलं, की पुढे तो कोणत्याच औषधावर विश्वास ठेवत नाही. या विधानाला ‘बरोबर’ म्हणणारी एक जरी परिचारिका निघाली, तरी तिच्याशी त्याच आठवड्यात बोलायला हवं.

दोन वर्षांखालच्या मुलांना मज्जासंस्था अपुरी असल्याने कमी दुखतं, वृद्धांना ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची) औषधं सोसतच नाहीत, दुखण्याचं कारण सापडेपर्यंत ओपिऑइड देऊ नये, ही सगळी विधानं चूक आहेत. वृद्धांना सुरुवातीचा डोस कमी ठेवून सावकाश वाढवायचा असतो, औषध नाकारायचं नसतं.

या भागाचा दोषही सांगायला हवा. काही विधानांत ‘नेहमी’, ‘फक्त’ असे शब्द आहेत. परीक्षा देऊन सरावलेल्या विद्यार्थिनीला त्या शब्दांवरूनच उत्तराचा वास लागतो. अशा विधानांवर सगळ्यांना चांगले गुण मिळाले, तर त्यावरून फारसा निष्कर्ष काढू नका.

औषधांचे प्रश्न

इथे प्रश्नावली कडक आहे आणि तशीच असायला हवी. शिरेतून दिलेल्या १ ते २ मिलिग्रॅम मॉर्फिनचा परिणाम ४-५ तास टिकतो, हे विधान चूक आहे. ते ‘बरोबर’ वाटणारी परिचारिका दोन तासांनी औषध मागणाऱ्या रुग्णाला व्यसनी ठरवते. एका चुकीच्या माहितीतून एक चुकीचा दृष्टिकोन कसा उगवतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

तोंडावाटे ३० मिलिग्रॅम मॉर्फिन हे शिरेतल्या १० मिलिग्रॅमच्या बरोबरीचं, ही तुलना प्रत्येकीला यायला हवी. तोंडावाटे घेतलेलं बरंचसं मॉर्फिन यकृतातून जातानाच निकामी होतं, म्हणून तिप्पट लागतं. परिणाम शिगेला पोचायलाही तोंडावाटे १ ते २ तास लागतात. रुग्ण शिरेवरून गोळ्यांवर येतो त्या दिवशी ही गोष्ट चुकली तर अचानक दुखणं उसळतं. उलट्या दिशेने चुकली तर डोस तिप्पट होतो.

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रश्न आहे तो कर्करोगाच्या रुग्णाचा. दोन महिन्यांपासून रोज ओपिऑइड चालू आहे, काल शिरेतून तासाला २०० मिलिग्रॅम मॉर्फिन होतं, आज २५० झालं. श्वसन धोकादायकरीत्या मंदावण्याची शक्यता किती? उत्तरसूचीनुसार १ टक्क्याहून कमी. आकडा बघून छाती दडपते, पण बघायची आहे ती वाढ: ५० मिलिग्रॅम म्हणजे २५ टक्के, आणि तीही औषध अंगवळणी पडलेल्या रुग्णात. मात्र उत्तर समजावताना दुसरी बाजू त्याच दमात सांगा: ज्याने ओपिऑइड कधी घेतलेलं नाही त्याला हा हिशेब लागू नाही. प्रश्नावली हा इशारा त्या प्रश्नाजवळ देत नाही, हे आम्हाला खटकतं.

सुरक्षिततेचा खरा धागा आहे तो गुंगीच्या विधानात: श्वसन मंदावण्याआधी गुंगी वाढते, म्हणून ओपिऑइड चालू असताना गुंगी तपासत राहावी. हे बरोबर आहे आणि नेमक्या जागी आहे. कसं तपासायचं ते प्रश्नावली सांगत नाही. त्यासाठी पासेरो यांचं गुंगीचं मापनकोष्टक जोडीला ठेवा. बोलता बोलता डोळा लागत असेल तर ती ३ ची पायरी: पुढचा डोस तसाच द्यायचा नाही, डॉक्टरांना कळवायचं, श्वसनावर लक्ष ठेवायचं. झोपेत घोरणं आणि मधेच श्वास अडणं हा मोठा धोका असल्याचा मुद्दा बहुपर्यायी प्रश्नांत आहे, ते चांगलं झालं.

व्यसन, शारीरिक अवलंबन आणि औषध अंगवळणी पडणं या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. औषध एकदम बंद केल्यावर घाम, जांभया, जुलाब, अस्वस्थता दिसली तर ते शारीरिक अवलंबन, व्यसन नव्हे. प्रश्नावली हा फरक दोन-तीन बाजूंनी विचारते आणि तिथेच बहुतेक गोंधळ उघडा पडतो.

कुठे कमी पडते

ओपिऑइडवर भर फार आहे. कुशी बदलणं, शेक असे औषधांशिवायचे उपाय, किंवा हालचाल आधीच ठरवून त्याआधी डोस देणं, यांना जवळपास जागा नाही. जे रुग्ण बोलू शकत नाहीत ते तर जवळपास सुटलेच आहेत: कृत्रिम श्वासावरचे, प्रगत स्मृतिभ्रंशाचे, नवजात. सारा भर रुग्णाच्या सांगण्यावर आहे. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची आपली व्याख्या सुधारताना स्पष्ट म्हटलं की बोलता न येणं म्हणजे दुखत नसणं नव्हे. प्रश्नावली त्याआधीची आहे. अतिदक्षता विभागासाठी ती एकटी पुरणार नाही. लहान मुलांच्या वॉर्डासाठी तिच्यावरूनच बेतलेली पीएनकेएएस ही वेगळी प्रश्नावली आहे, ती वापरा.

काही प्रश्न एका देशाच्या औषधबाजाराला चिकटून आहेत. हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल यांच्या गोळीचा व्यापारी नावाने विचारलेला प्रश्न, ते औषध जिथे मिळतच नाही तिथे निरर्थक ठरतो. दुखणं घेऊन येणाऱ्यांपैकी किती जणांना आधीच दारू किंवा मादक पदार्थांची समस्या असते, याचं ठरलेलं उत्तर ५ ते १५ टक्के आहे. हा आकडा प्रत्येक समाजात सारखाच असेल असं धरता येत नाही. असे प्रश्न काढले तर चालतं, पण कोणते काढले ते अहवालात लिहा आणि मग तुमचे टक्के दुसऱ्यांच्या टक्क्यांशेजारी मांडू नका.

भाषांतर करणार असाल तर एकाने केलेलं भाषांतर तसंच छापू नका. दुसऱ्या व्यक्तीकडून ते मूळ न दाखवता उलट भाषांतरित करून घ्या, फरक तपासा, वेदनेच्या क्षेत्रातल्या काही जाणकारांकडून प्रत्येक प्रश्न तपासून घ्या आणि आधी लहान गटावर चालवून बघा. सर्वात जास्त घोळ ‘व्यसन’ आणि ‘अवलंबन’ या जागी होतो. दोन्हींना एकच शब्द वापरला की प्रश्नच मरतो.

द्यायची कशी

प्रश्नावली घरी देऊ नका. उत्तरसूची सहज मिळते. एका जागी बसवून, कागदावर, नाव न लिहिता, फक्त सांकेतिक क्रमांक टाकून घ्या. वॉर्डाच्या प्रमुखांनी समोर बसू नये, नाहीतर उत्तरं त्यांच्या मर्जीची येतात. शिफ्ट संपताना देऊ नका, कारण रुग्णांची दोन वर्णनं शेवटी आहेत आणि थकलेली परिचारिका तिथेच घाई करते.

ही दोन वर्णनं समोरासमोरच्या पानांवर छापू नका. शेजारी दिसली की युक्ती लक्षात येते. अँड्र्यूचं पान भरून परत घ्या, मग रॉबर्टचं द्या. मूळ मांडणीत हा बदल केल्याचं नोंदवून ठेवा.

निकाल बघताना एक हिशेब डोळ्यांसमोर हवा. काहीही न वाचता अंदाजाने खुणा केल्या तरी २२ पैकी सरासरी ११ विधानं बरोबर येतात आणि बहुपर्यायींतली तीन-चार. म्हणजे एकूण १५ च्या आसपास, ३५ टक्क्यांच्या पुढेमागे. तेव्हा ५० टक्के म्हणजे ‘निम्मं येतं’ असा अर्थ नाही. पुष्कळ ठिकाणी ८० टक्के ही समाधानकारक पातळी मानतात. ती ठेवायला हरकत नाही, पण ८५ टक्के मिळवूनही अँड्र्यूचे दोन्ही प्रश्न चुकवता येतात हे विसरू नका.

सर्वात जास्त चुकलेले दहा प्रश्न वेगळे काढा आणि प्रत्येकाला एक काम जोडा. मॉर्फिनच्या कालावधीचा प्रश्न चुकला तर औषधांच्या ट्रॉलीवर परिणामाचा वेळ आणि समतुल्य डोस यांचा तक्ता. गुंगीचा चुकला तर कोष्टक चार्टवरच छापून घ्या. अँड्र्यू चुकला तर व्याख्यान नको. पाच-सहा जणींच्या गटात एकेकीने आपला आकडा आणि डोस सांगून कारण द्यायचं. भीती उच्चारली गेली तरच तिच्यावर बोलता येतं.

सोबत वीसेक चार्ट उघडा. दुखण्याचा आकडा लिहिला आहे का, डोस दिल्याची वेळ आहे का, शिरेतल्या डोसनंतर १५ ते ३० मिनिटांत आणि गोळीनंतर तासाभरात पुन्हा विचारल्याची नोंद आहे का, पल्ल्याच्या ऑर्डरमधून नेहमी खालचाच डोस निघतो का. प्रश्नावलीत गुण चांगले आणि चार्ट कोरे असतील, तर दोष परिचारिकांच्या डोक्यात शोधू नका. रात्री एकीकडे किती रुग्ण आहेत, कपाटाची किल्ली कुणाकडे असते, डोस वाढवायचा तर डॉक्टर फोन उचलतात का, हे बघा. ऑर्डरच आठ तासांनी एकदा अशी असेल, तर ३ मिलिग्रॅमचं बरोबर उत्तर देणारी परिचारिकाही रुग्णासमोर हात बांधून उभी राहते. डॉक्टरांनाही हीच प्रश्नावली द्या. तिच्यात परिचारिकांपुरतं मर्यादित असं फारसं काही नाही.

प्रशिक्षणानंतर लगेच पुन्हा चाचणी घेतली तर फक्त आठवण मोजली जाते. तीन महिने जाऊ द्या, तेच सांकेतिक क्रमांक वापरा, चार्टही पुन्हा उघडा, आणि प्रत्येक परिचारिकेची आधीची नि नंतरची उत्तरं जोडीने लावून बघा.